रिफलमध्ये रेती गच्च बसते आणि सोनं टेलिंगमध्ये जातं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

स्लूस म्हणजे गाळातलं सोनं धरणारा उतरता पन्हळ, आणि रिफल म्हणजे त्याच्या तळावरचे आडवे अडसर. सकाळी रिफल धुऊन प्लांट सुरू केला की पहिला अर्धा-पाऊण तास सगळं ठीक चालतं. प्रत्येक रिफलच्या मागे पाणी भोवऱ्यासारखं फिरतं आणि रेती खदखदत राहते. मग हळूहळू ती खदखद थांबते. रिफलचे खण काठोकाठ भरतात आणि पाणी गुळगुळीत पत्र्यावरून गेल्यासारखं सरळ निघून जातं. त्या क्षणापासून स्लूस म्हणजे नुसती पाणी वाहून नेणारी नाली. वरून सोनं आलं तरी त्याला बसायला जागाच उरलेली नसते. संध्याकाळी साफसफाईत पहिल्या हातभर लांबीत थोडं पिवळं दिसतं, त्यामुळे दिवस बरा गेला असं वाटतं. टेलिंगचा, म्हणजे स्लूसमधून वाहून गेलेल्या मालाचा ढीग कोणी धुऊन बघत नाही.

ही तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावरचा पहिला उपायही ठरलेला असतो: पाणी वाढवा. हाच उपाय सगळ्यात जास्त नुकसान करतो. पाणी वाढवलं की रिफल मोकळे दिसतात हे खरं, पण रेतीबरोबर बारीक सोन्याचे पापुद्रेही उचलले जातात. गच्च बसण्याचं मूळ बहुतेक वेळा स्लूसच्या वर असतं, म्हणजे मातीत, चाळणीत, भरण्याच्या लयीत किंवा पंपाच्या खड्ड्यात. पाण्याच्या व्हॉल्व्हला हात लावायचा तो शेवटी.

खालचे आकडे ३० सेंमी रुंद, अडीच ते तीन मीटर लांब, मॅटवर एक्स्पांडेड जाळी (पत्रा चिरून, ताणून केलेली) बसवलेल्या स्लूससाठी आहेत. त्याच्या आधी साधारण १ मीटर व्यासाचा ट्रोमेल, म्हणजे पिंपासारखी फिरती चाळणी, धरला आहे. रुंदी वेगळी असेल तर पाणी आणि माल त्याच प्रमाणात बदला. उतार मात्र तोच राहतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. सोनं हे गौण खनिज नाही. रेती घाटाच्या किंवा गिट्टीच्या परवान्यात ते बसत नाही. त्यासाठी १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. पुढचं सगळं रीतसर परवानगीच्या सर्वेक्षणात नमुने धुणाऱ्यांसाठी आणि पायलट प्लांट चालवणाऱ्यांसाठी लिहिलं आहे.

बोट घालून बघा, रंग सांगतो

प्लांट गच्च झाल्यावर लगेच धुऊ नका. माल बंद करा, वीस-तीस सेकंद पाणी चालू ठेवा आणि मग गेट व्हॉल्व्ह हळूहळू बंद करा. झटक्यात बंद केलं तर थर विस्कटतो. माल नसताना पाणी जास्त वेळ चालू राहिलं तर ते रिफल खरवडून नेतं.

आता वरून पाचव्या-सहाव्या रिफलच्या मागे तर्जनी सरळ खाली दाबा. चांगल्या थरात बोट सहज मॅटपर्यंत जातं, ओल्या रव्यात गेल्यासारखं. गच्च थरात नखाच्या लांबीवरच अडतं, अर्धवट सेट झालेल्या सिमेंटसारखं. मग चमच्यानं तिथलीच रेती पांढऱ्या ताटलीत काढा आणि उन्हात नीट बघा. तीनपैकी एक काहीतरी दिसेल.

मुख्यतः पांढरी-भुरकट, म्हणजे गारेची आणि फेल्डस्पारची रेती असेल तर पाणी कमी पडतंय, उतार कमी आहे किंवा माल जास्त येतोय.

मुख्यतः काळी-तांबडी, जड, हलवली की तळाशीच राहणारी रेती असेल तर जड खनिजांचा भार जास्त आहे आणि साफसफाई उशिरा होतेय.

बोटाला चिकटणारी, राखाडी, ताटलीत पाणी घातलं की ढगासारखी पसरणारी असेल तर दोष चिकणमातीचा आहे.

दोन प्रकार एकत्रही सापडतात. अशा वेळी चिकणमातीचा दोष आधी काढा, कारण तो असेपर्यंत बाकीच्या दोन दोषांचं मोजमाप खोटं येतं.

चिकणमाती: खरा चोर

नागपूर भागातला गाळच तसा आहे: पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, त्यावर काळी कापसाची जमीन. पूर्वेला आणि उत्तरेला सौसर आणि साकोली गटाचे जुने रूपांतरित खडक, कामठीच्या आसपास गोंडवनाचे वालुकाश्म. कन्हान आणि तिच्या उपनद्या या सगळ्यातून माती गोळा करत अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळतात. सोन्याचे ज्ञात उगम पूर्वेकडच्या साकोली पट्ट्यात आहेत, परसोडीसारख्या ठिकाणी. पण तिथल्या नदीकाठच्या जुन्या गाळातही गोट्यांच्या थरावर आणि थरामध्ये चिकणमाती असतेच. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि ओलं असताना रबरासारखं वागतं.

हा ओला ढेकूळ ट्रोमेलमध्ये फुटत नाही, उलट गोल होत जातो. लिंबाएवढा, मग बोराएवढा गोळा चाळणीतून स्लूसवर येतो आणि लोळत खाली जातो. जाताना वाटेत जे मिळेल ते अंगाला चिकटवून घेतो, त्यात रिफलमध्ये बसलेलं सोनंही आलं. स्लूसच्या शेवटी पडलेले असे दहा-बारा गोळे उचला, बादलीत चुरून सोनं धुवायच्या थाळीत धुवा. त्यात सोनं दिसलं तर पुढची तपासणी तिथेच थांबवा आणि आधी माती फोडण्याचं काम करा.

त्याचा सगळ्यात स्वस्त उपाय विदर्भाच्या उन्हात आहे. एकाच ढेकळाचे दोन तुकडे करा. एक ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, दुसरा दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग दोन काचेच्या ग्लासांत पाणी घेऊन दोन्ही एकाच वेळी सोडा. वाळलेल्या तुकड्यातून बुडबुडे निघतात, कडा सुटतात आणि काही मिनिटांतच तो ग्लासच्या तळाशी भुगा होऊन बसतो. ओला तुकडा तासाभरानंतरही जवळपास तसाच असतो. कोरड्या मातीच्या छिद्रांत पाणी घुसतं, आत अडकलेली हवा आणि फुगणारी माती मिळून ढेकूळ आतून फोडतात. ओल्या मातीत ती छिद्रं आधीच पाण्यानं भरलेली असल्यामुळे फोडायला काही उरत नाही.

म्हणून खड्ड्यातून काढलेला माल थेट हॉपरमध्ये (माल भरायच्या पेटीत) टाकू नका. २० ते ३० सेंमी जाडीचा थर पसरा, एकदा उलटवा आणि पूर्ण वाळल्यावरच भरा. मार्च ते मे या काळात त्याला फार दिवस लागत नाहीत. त्या हंगामात ही पायरी गाळणं म्हणजे फुकट मिळणारी ताकद वाया घालवणं.

कंकरानं, म्हणजे चुन्याच्या गाठींनी बांधलेला गोटा-थर मात्र उन्हानं सुटत नाही. तो हातोड्यानं फोडून बघा. गोट्यांच्या मधल्या चुनखडीत काळी रेती अडकलेली दिसत असेल तर तो माल वेगळा ढीग करून ठेवा, साध्या प्लांटवर घालू नका.

ट्रोमेलमध्ये पहिला एक तृतीयांश भाग बिनछिद्राचा हवा आणि आत ५ ते ७ सेंमी उंचीच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या हव्यात, म्हणजे माल उचलून आपटला जातो. अनेक ट्रोमेल सुरुवातीपासून जाळीचेच असतात. त्यात बारीक माल पहिल्या हातभर अंतरातच खाली पडतो आणि धुवायचं राहून जातं. वेगासाठी हिशेब सोपा आहे: ४२.३ ला व्यासाच्या (मीटरमधल्या) वर्गमुळानं भागा, म्हणजे माल भिंतीला चिकटून फिरू लागण्याचा वेग मिळतो. त्याच्या ४० टक्क्यांवर चालवा. १ मीटर व्यासाला हा वेग मिनिटाला सुमारे १७ फेरे येतो. उतार ३ ते ५ अंश ठेवा. गोळे बाहेर येत असतील तर ३ कडे आणा, म्हणजे माल आत जास्त वेळ राहतो. फवाऱ्याचा दाब २ ते ३ बार असावा. नोझलमध्ये पानं-काड्या अडकल्या की दाब मीटरवर ठीक दिसतो आणि फवारा मात्र बोटाच्या धारेसारखा पडतो, म्हणून मीटरपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

सोडा किंवा सोडियम सिलिकेट टाकून माती फोडायचा मोह होतो. तो आवरा. जे रसायन मातीचे कण एकमेकांपासून सोडवतं, तेच नंतर खड्ड्यात त्यांना खाली बसू देत नाही. आणि इथे पाणी फिरवून वापरायचं असतं.

फिरवलेलं पाणी

उन्हाळ्यात नदीला धार नसते, म्हणून तेच पाणी खड्ड्यातून पुन्हा पंपात जातं. दिवसेंदिवस ते चहासारखं होतं आणि मग पातळ पिठल्यासारखं. अशा पाण्यात बारीक कण सावकाश बसतात, त्यात बारीक सोनंही आलं. शिवाय प्रत्येक खणात मातीचा लेप चढतो आणि तोच रेतीला गोंदासारखा धरून ठेवतो.

तपासणी: एक लिटरची पारदर्शक बाटली पंपाच्या तोंडाशी भरा, लगेच तिच्यामागे वर्तमानपत्र धरा. मोठ्या टायपातला मथळा वाचता आला पाहिजे. येत नसेल तर त्या पाण्यानं सोनं धुऊ नका.

खड्डे तीन करा. पहिल्यात रेती बसते, दुसऱ्यात माती, तिसऱ्यातून पंप ओढतो. दुसऱ्या खड्ड्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं आहे, खोली दुय्यम. ३० सेंमीच्या स्लूसला तासाला सुमारे ४४ घनमीटर पाणी फिरतं. तुरटीनं गुठळी झालेली माती तासाला अर्धा मीटर खाली बसते असं धरलं तर किमान ९० चौरस मीटर लागतात, म्हणून १०० धरून खणा. पाणी एका टोकानं सावकाश येऊन दुसऱ्या टोकाला काठावरून पातळ थरात सांडलं पाहिजे. पाइपातून धो-धो ओतलं तर अख्खा खड्डा ढवळला जातो.

तुरटी अंदाजानं टाकू नका. १० ग्रॅम तुरटी १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. गढूळ पाण्याच्या पाच एक-लिटर बाटल्या घ्या आणि सिरिंजनं त्यांत २, ४, ६, ८, १० मिलि द्रावण घाला, म्हणजे लिटरला २० ते १०० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा झाली. एक मिनिट जोरात, पाच मिनिटं सावकाश हलवा, अर्धा तास ठेवा. ज्या सगळ्यात कमी मात्रेत वरचं पाणी निवळलं ती तुमची. समजा ६ मिलिची बाटली निवळली, तर ४४ घनमीटरला तासाला २.६ किलो तुरटी. द्रावण करून पहिल्या आणि दुसऱ्या खड्ड्याच्या मधल्या चरात थेंब-धार सोडा. मातीचा थर बदलला की चाचणी पुन्हा करा. सामू ६ च्या खाली गेला तर तुरटीचं काम बिघडतं, तेव्हा थोडी चुन्याची निवळी लागते.

खड्ड्यावर तेलाचा तवंग दिसला तर एक्स्कॅव्हेटरची हायड्रॉलिक गळती शोधा. तेल लागलेला सोन्याचा पापुद्रा पाण्यावर तरंगतो, अक्षरशः. थाळीत धुताना असं तरंगणारं पिवळं दिसलं तर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, लगेच बुडतं. ते स्लूसवर घडत असेल तर टेलिंग थाळीत धुऊनच कळेल.

काळी रेती

जड खनिजांची इथली गंमत वेगळी आहे. बेसाल्टमधून येणारा मॅग्नेटाइट (घनता ५.२) आणि इल्मेनाइट (४.७) सगळीकडेच सापडतो. पण रामटेक, मनसर, कांद्री, गुमगाव या मँगनीज पट्ट्यातून येणाऱ्या गाळात मँगनीजचे काळे खडे आणि स्पेसार्टाइट गार्नेटचे तांबूस दाणेही मुबलक असतात. ब्राउनाइटची घनता ४.७ च्या वर, गार्नेटची ४.२ च्या आसपास, आणि साध्या गारेची २.६५. सोन्याच्या १५ ते १९ पुढे हे सगळे हलकेच, पण रिफलमध्ये जागा अडवायला पुरेसे जड.

म्हणून काळी रेती दिसली की चुंबक फिरवून सगळं निघेल असं समजू नका. मँगनीजचे बहुतेक खडे आणि गार्नेट साध्या हातातल्या चुंबकाला चिकटत नाहीत. हे दाणे जाड असतात तेव्हा त्रास जास्त, कारण ८-१० मिमीचा मँगनीजचा खडा खणात बसला की नेहमीचं पाणी त्याला हलवू शकत नाही आणि त्याच्या आजूबाजूला बारीक रेती चिणली जाते. इलाज चाळणीत आहे. स्लूसवर १२ मिमीपेक्षा मोठं काही येऊ देऊ नका. नमुन्यातलं सोनं बारीकच असेल, आणि ते आधी थाळीनं तपासलं असेल, तर ६ मिमीवर या. चाळणी जितकी बारीक तितकं कमी पाणी पुरतं आणि तितकं बारीक सोनं टिकतं. स्लूसमधल्या सुधारणांत सगळ्यात जास्त फळ देणारा बदल आमच्या मते हाच. मात्र चाळणीवरून जाणारा जाड माल पहिले काही दिवस तपासून बघा, मोठा कण त्यात जाऊ नये.

चाळणी बारीक करूनही काळी रेती तास-दोन तासांत भरत असेल तर मग साफसफाईचं अंतर कमी करणं एवढंच उरतं. अंतर घड्याळावर ठरवू नका. वरच्या एक मीटरमधले खण अर्धे भरले की थांबा. सर्वेक्षणाच्या कामात नाहीतरी प्रत्येक खड्ड्याचा माल वेगळा धुवायचा असल्यामुळे वारंवार थांबणं फारसं जड जात नाही.

पांढरी रेती: पाणी, उतार, लय

उतारापासून सुरुवात करा. १ मीटर लांबीला १२ सेंमी हा चांगला आरंभ, १० ते १५ मध्ये खाली-वर करता येतो. पाणसळ लावून, खालच्या टोकाला ठोकळा ठेवून मोजा, नजरेनं नाही. आडवी पातळीही बघा. एका बाजूला अर्धा सेंमी कल असला तरी पाणी तिकडे धावतं आणि दुसरी बाजू गच्च होते. फक्त एकच बाजू बसत असेल तर कारण जवळजवळ नक्की हेच.

पाणी २०० लिटरच्या ड्रमनं मोजा. फवाऱ्याचं आणि हॉपरचं मिळून स्लूसच्या शेवटी जे पडतं तेच खरं पाणी. माल बंद असताना ड्रम १५ ते १७ सेकंदांत भरला पाहिजे, म्हणजे मिनिटाला ७०० ते ८०० लिटर. २५ सेकंद लागत असतील तर पंपाकडे जा: फूट व्हॉल्व्हला कचरा, सक्शनच्या जोडातून हवा किंवा दोन इंची पाइप. एवढ्या पाण्याला दोन इंची पाइपात वेग सेकंदाला ६ मीटर होतो आणि पंपाची ताकद घर्षणातच जाते; तीन इंची लागतो. ग्रामीण फीडरवर व्होल्टेज खाली आलं की पंप चालू दिसतो आणि पाणी निम्म्यावर येतं. ड्रमची मोजणी म्हणूनच दिवसातून दोनदा करा, त्यातली एक शेतीपंपांचा भार असण्याच्या वेळी.

माल तासाला ५ ते ६ घनमीटर, आणि तो एकसारखा. गडबड नेमकी इथे होते. बॅकहोचा बकेट एकदम रिकामा केला की मिनिटभर स्लूस गाडला जातो, मग चार मिनिटं नुसतं पाणी. गाडला जातो तेव्हा रिफल भरतात, नुसतं पाणी असतं तेव्हा सोनं खरवडलं जातं. दिवसाची सरासरी बरोबर निघते आणि प्रत्येक मिनिट चुकीचं असतं. हॉपरखाली सरकता दरवाजा किंवा छोटा बेल्ट फीडर बसवा. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कुठल्याही फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये हे होतं. तो होईपर्यंत हातानं भरा. १२ लिटरचं घमेलं धरलं तर दर २० सेकंदांना एक, आणि तेही पसरून. एवढ्यानं उत्पादन निम्म्याच्याही खाली येईल, पण नमुन्याचा निकाल खरा येईल.

जाळी आणि मॅट

एक्स्पांडेड जाळी उठावाची हवी, रोलरखाली दाबून सपाट केलेली नको. सपाट जाळीच्या मागे भोवरा तयार होत नाही. २५ मिमी अँगलचे रिफल वापरत असाल तर मधली मोकळी जागा ५० ते ६० मिमी ठेवा आणि अँगलचा वरचा पंख खालच्या प्रवाहाकडे असू द्या. उलटा बसवला तर खण रेतीचा डबा होतो. अँगल रिफलला पाणीही जवळजवळ दुप्पट लागतं.

जाळी मॅटवर घट्ट दाबलेली पाहिजे. मधे तीन-चार मिमीची फट राहिली तरी पाणी खालून धावतं आणि मॅटमधलं सोनं धुऊन नेतं. वरून मात्र सगळं व्यवस्थित दिसतं. मे महिन्यात प्लांट बंद असताना मॅट उन्हात कोरडी पडली तर तिच्या कडा वळतात, मग ती पुन्हा सपाट बसत नाही. सुट्टीच्या दिवशी ओलं पोतं टाकून ठेवा. दर ३० सेंमीवर पाचर ठोका.

दुरुस्ती झाली की नाही: टंगस्टनचे तुकडे

रिफल मोकळे दिसतात म्हणजे सोनं थांबतंय, हा निष्कर्ष चुकीचा आहे. मोजा. टीआयजी वेल्डिंगच्या दुकानात १ मिमी जाडीचे टंगस्टनचे इलेक्ट्रोड मिळतात. टंगस्टनची घनता १९.३, शुद्ध सोन्याइतकीच. लाल टोकाचे घेऊ नका, त्यात किरणोत्सारी थोरियम असतं. हिरव्या टोकाचे शुद्ध टंगस्टनचे घ्या. चष्मा घाला, इलेक्ट्रोड जाड फडक्यात गुंडाळा आणि पक्कडनं १ ते २ मिमीचे तुकडे मोडा. तो काचेसारखा तडकतो.

असे बरोबर ५० तुकडे मोजून घ्या आणि खालीलप्रमाणे चाचणी करा.

१. रिफल पूर्ण धुऊन प्लांट सुरू करा, नेहमीच्या लयीनं १५ मिनिटं माल चालवा.
२. पुढच्या अर्ध्या तासात दर तीन मिनिटांनी ५ तुकडे एका मूठभर ओल्या मातीत मळून हॉपरमध्ये टाका. कोरडे टाकू नका, माती फुटते की नाही हेही याच चाचणीत कळतं.
३. आणखी १५ मिनिटं माल चालवून बंद करा.
४. स्लूसचे तीन भाग करा: वरचा एक मीटर, मधला, खालचा. प्रत्येक भागाचा माल वेगळ्या घमेल्यात काढून थाळीत धुवा आणि तुकडे मोजा.

४५ च्या वर सापडले आणि त्यातले बहुतेक वरच्या मीटरमध्ये असले तर स्लूस ठीक आहे. खालच्या भागात दहा-बारा सापडले तर आकडा कितीही चांगला असो, त्यामागोमाग काही निसटलेलेच असणार. वीसच सापडले आणि गोळे चुरल्यावर त्यात आणखी दहा मिळाले, तर वर चिकणमातीच्या भागाकडे परत जा. एक मर्यादा लक्षात ठेवा: तुकडे काडीसारखे जाड आहेत, नदीतलं सोनं पापुद्र्यासारखं चपटं. टंगस्टन निसटलं तर सोनं नक्कीच निसटतंय. टंगस्टन टिकलं म्हणून बारीक पापुद्रा टिकला असं होत नाही.

म्हणून टेलिंगही धुवा. तासाभरात दर सहा मिनिटांनी स्लूसच्या टोकाला डबा धरून पूर्ण रुंदी कापत २ लिटर घ्या, एकूण दहा वेळा, म्हणजे २० लिटरची बादली होते. एका कडेनं घेतलेला नमुना निरुपयोगी आहे. धुतल्यावर सोन्याचे कण दिसले तर भिंगाखाली त्यांचा आकार बघा. ०.१५ मिमीपेक्षा मोठे कण जात असतील तर स्लूसची जुळणी अजून चुकलेली आहे. त्याहून बारीकच जात असतील तर स्लूसची हद्द संपली. तिथे शेकिंग टेबल (हलत्या टेबलावर जड कण वेगळे करणारं यंत्र) किंवा सेंट्रिफ्यूगल कॉन्सन्ट्रेटरच (वेगानं फिरवून ते वेगळे करणारं यंत्र) लागतो, उतार आणि पाणी बदलत बसू नका. या टप्प्यावर नागपुरात असण्याचा फायदा आहे: भारतीय खाण ब्यूरोची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा हिंगणा रोडवर आहे, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे भूकोश पोर्टलवर बघता येतात. नागपूरसाठी ५५ ओ हा डिग्री शीट (एक अंश अक्षांश-रेखांशाचा नकाशा) उघडा.

साफसफाईतली काळी रेती

खणातून निघालेली काळी रेती फेकू नका, डोळ्यांना पिवळं दिसत नसलं तरी. ती आधी चाळा: १ मिमी, मग ०.५ मिमी. प्रत्येक जाडीचा माल वेगळा धुतला की थाळीत सोनं लवकर सुटतं, कारण जाड हलका दाणा आणि बारीक जड दाणा पाण्यात एकसारखे वागतात. चाळल्यावर ती गोची राहत नाही. धुऊन उरलेलं पूर्ण वाळवा. चुंबकावर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि रेतीपासून सेंटीमीटरभर वर धरून फिरवा, रेतीत खुपसू नका. उचललेला मॅग्नेटाइट कोऱ्या कागदावर सोडा आणि त्यावरून चुंबक पुन्हा फिरवा, कारण पहिल्या वेळी दाण्यांच्या साखळ्यांमध्ये सोन्याचे कण अडकून वर येतात. दोनदा झाल्यावरच मॅग्नेटाइट बाजूला करा. मँगनीज आणि गार्नेट मागे राहतील, ते थाळीनंच काढावे लागतात.

पारा वापरू नका. भारतानं २०१८ मध्ये मिनामाटा कराराला मान्यता दिली आहे. आणि कराराचं सोडा, पाऱ्याची वाफ श्वासातून शरीरात जाते आणि खड्ड्यात सांडलेला पारा त्याच पाण्यातून माशात उतरतो. ज्या काळ्या रेतीतून थाळीनं सोनं सुटत नाही ती सुकवून, खड्ड्याचा क्रमांक आणि तारीख टाकून डब्यात ठेवा आणि डबे भरले की एकदम प्रयोगशाळेत द्या. चिठ्ठी डब्याच्या आतही एक टाका, बाहेरची पावसाळ्यात पुसली जाते.